चार दिवसांचे इंग्लंड

रे रोड स्थानकाच्या पूर्वेला दारूखाना आहे. जुनी जहाजे मोडण्याची ही जागा. इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी 'हर्क्युलिस' या नावाने बांधायला घेतलेली आणि पुढे 'विक्रांत' म्हणून आपल्या नौदलात आलेली युद्धनौका २०१४ साली येथेच तोडली गेली. जहाज हे हौसेने प्रवास करण्याचे साधन आहे, ही कल्पना या वस्तीत सहसा कोणाला सुचत नाही. जहाज भरायचे असते, रिकामे करायचे असते, नाहीतर मोडायचे असते. त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी साउदॅम्प्टनहून नॉर्वेला जाणाऱ्या क्रूझचे आरक्षण केले, तेव्हा चाळीतल्या एका वयस्कर शेजाऱ्यांनी प्रांजळपणे विचारले, "या वयात बोटीवर काम देतात का हो?"

क्रूझ आठ दिवसांची. पण एवढ्या लांब जायचे तर आधी चार दिवस इंग्लंड पाहावे, असे ठरले. व्यावहारिक बाबी लवकर आटोपल्या. जहाज इंग्लंड सोडून पुन्हा तेथेच परतणार, म्हणून ब्रिटनचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा वेगळा. आणि विमानाला उशीर झाला तरी जहाज थांबत नसल्यामुळे सुटण्याच्या आदल्या रात्री साउदॅम्प्टनमध्ये मुक्काम. खरा प्रश्न होता तो काय पाहायचे हा. आम्ही दोघांनीही सारी हयात महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवण्यात घालवली. साहजिकच आमची यादी म्हणजे आमचाच जुना अभ्यासक्रम होता. दोन दिवस लंडन, एक दिवस शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड आणि शेवटच्या दिवशी साउदॅम्प्टनच्या वाटेवरचे विंचेस्टर, कारण तेथील कॅथीड्रलमध्ये जेन ऑस्टिन चिरनिद्रा घेत आहे. न पाहिलेला देश आम्हांला एवढा पाठ होता की तो पाहणे म्हणजे केवळ उजळणी ठरणार होती.

ही यादी आम्ही आप्पांना वाचून दाखवली. आप्पा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे, नव्वदीकडे झुकलेले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "यात बर्कनहेड कुठे आहे?"

हे नाव आमच्या घरात नवे नव्हते. नवे होते ते इंग्लंडच्या यादीत त्याचा विचार होणे. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या तीरावरचे हे बंदर. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथून 'फोर्ट स्टिकिन' हे मालवाहू जहाज निघाले. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि सोन्याच्या विटाही होत्या. वाटेत कराचीला त्यात कापसाच्या हजारो गासड्या चढवण्यात आल्या. १४ एप्रिलला ते व्हिक्टोरिया गोदीत उभे असताना दुपारी कापसाने पेट घेतला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. गोदी आणि तिच्यामागच्या वस्त्या जळाल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल आजही देशभर पाळला जातो. गोदीत आणि आसपास एकूण किती माणसे गेली, याचे आकडे मात्र आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळे दिले जातात.

या आकड्यांमधल्या तफावतीत आमचे आजोबा आहेत. राजापूरकडून आलेले गोदी कामगार. त्या दिवशी दुपारी जेवून ते पाळीवर गेले आणि परत आले नाहीत. आप्पा तेव्हा सहा वर्षांचे होते. आजी तीन दिवस जे. जे. रुग्णालयाच्या आवारात बसून राहिली. ओळख पटेल असे काहीच मिळाले नाही. 'गेले' असे कोणी ठामपणे सांगितले नाही, म्हणून तिने अखेरपर्यंत कुंकू पुसले नाही. गावात यावरून बोलणारे बोलत. ती उत्तर देत नसे.

पंडिता रमाबाईंचे 'इंग्लंडचा प्रवास' १८८३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठीत विलायतेच्या प्रवासवर्णनांची मोठी परंपरा आहे आणि आम्ही ती आवडीने वाचत आलो आहोत. आमच्या वाचनातल्या कित्येक पुस्तकांत गोदी ही निरोपाचे रुमाल हलवण्याची जागा असते. जहाज धक्क्यापासून सुटते आणि त्याबरोबर लेखकाची नजरही सुटते. ज्यांनी सामान चढवले ती माणसे धक्क्यावरच राहतात, आणि त्यांचे इंग्लंड कोणी लिहीत नाही. वस्तुतः त्यांच्याकडेही एक इंग्लंड होतेच. ते खोक्यांवर छापलेल्या बंदरांच्या नावांत होते. आमच्या घरी ते एकाच नावात होते.

तरीही निर्णय सोपा नव्हता, हे कबूल केले पाहिजे. चार दिवसांत बर्कनहेड बसवायचे तर स्ट्रॅटफर्ड गाळावे लागणार. "तीस वर्षे 'हॅम्लेट' शिकवले आणि आता दारातून परत फिरायचे?" असा प्रश्न आमच्यातच उठला. शिवाय तेथे जाऊन पाहायचे तरी काय? नदी, धक्के, गोदामे; हे सगळे आम्ही जन्मभर रे रोडला पाहतोच आहोत. आप्पांना हे विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "काही आणू नका. ते निघालं कुठून, ती जागा बघून या. आईला ते नाव नीट उच्चारताही येत नव्हतं."

त्याच रात्री बर्कनहेडची माहिती वाचताना विल्फ्रेड ओवेनचे नाव समोर आले. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या या कवीचे बालपण बर्कनहेडमध्ये गेले आणि त्याचे शिक्षणही काही काळ तेथेच झाले. आम्ही दोघांनीही त्याला वर्षानुवर्षे शिकवले होते. ११ नोव्हेंबर १९१८ ला, युद्धविरामाच्याच दिवशी, त्याच्या मृत्यूची तार आईवडिलांच्या हाती पडली, हा प्रसंग सांगताना वर्ग हमखास स्तब्ध होई. त्या स्तब्धतेचा आम्हांला थोडा अभिमानही वाटत असे. पण तारही न आलेली एक बाई आमच्याच घरात होती, हे त्या वर्गात आम्हांला एकदाही आठवले नाही. याचा दोष ओवेनचा नाही. अभ्यासक्रमाचाही म्हणता येणार नाही.

यादी आता बदलली आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी लंडनच्या यूस्टनहून लिव्हरपूलची गाडी, सुमारे सव्वादोन तासांची. तेथून नदीखालच्या बोगद्यातून पलीकडे काही मिनिटांत बर्कनहेड. संध्याकाळी परत. चौथ्या दिवशी विंचेस्टर आणि मुक्कामाला साउदॅम्प्टन. आप्पांनी यादी स्वतःच्या हाताने उतरवून घेऊन कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आहे. नॉर्वेचे आठ दिवस त्यांनी त्यात लिहिलेले नाहीत.