कार्यालयाची रात्रपाळी

मे महिन्यात जळगावचा पारा 43-44 अंशांवर जातो. त्याच दिवशी पहाटे तो 27-28 च्या आसपास असतो. खानदेशातल्या कोणत्याही इमारतीचा विचार मी या पंधरा-सोळा अंशांच्या फरकापासून सुरू करतो. दुपारच्या आकड्याची धास्ती सगळेच घेतात, पहाटेच्या आकड्याचा उपयोग मात्र फार थोडे करतात.

आपल्या जुन्या धाब्याच्या घरांनी तो केला होता. मातीच्या जाड भिंती, छताला लाकडी तुळया आणि फळ्या, त्यावर दाबून बसवलेला मातीचा थर. दुपारचं ऊन आतवर पोचेपर्यंत रात्र होई आणि तोवर घरची माणसं अंगणात किंवा धाब्यावर झोपायला गेलेली असत. तेव्हा घर रात्री मुद्दाम रिकामं करावं लागे. कार्यालय मात्र संध्याकाळी आपोआप रिकामं होतं. त्यामुळे ही जुनी युक्ती घरापेक्षा कार्यालयाला अधिक लागू पडते, असं माझं ठाम मत आहे.

ऑस्ट्रियातल्या लुस्टेनाऊ इथे डिटमार एबर्ले यांच्या बाउमश्लागर एबर्ले या वास्तुसंस्थेने 2013 मध्ये ‘2226’ नावाची सहा मजली कार्यालयीन इमारत पूर्ण केली. तिच्यात ना हीटर आहेत, ना एसी. पोकळ विटांच्या दोन थरांची मिळून सुमारे पाऊण मीटर जाडीची भिंत आहे आणि खिडक्यांच्या झडपा संवेदकांच्या इशाऱ्यावर उघडमीट करतात. वर्षभर आतलं तापमान 22 ते 26 अंशांदरम्यान राखायचं, हेच नावातलं उद्दिष्ट. तिथल्या हिवाळ्यात माणसांची, संगणकांची आणि दिव्यांची उष्णता इमारतीला ऊब देते. बसून काम करणारा माणूस शंभरेक वॅट उष्णता बाहेर टाकतो. तिथे ती उपयोगी पडते, इथे मात्र ती रोज रात्री बाहेर काढावी लागते.

म्हणून लुस्टेनाऊची भिंत जशीच्या तशी धुळ्यात आणून भागणार नाही. भाजक्या विटेच्या नऊ इंची भिंतीतून उष्णता आत यायला साधारण सात-आठ तास लागतात, चौदा इंचीतून दहा-बारा. पश्चिमेची भिंत दुपारी चारला सर्वाधिक तापते. नऊ इंची असली तरी तिची झळ आत येते मध्यरात्री, कार्यालय बंद असताना. खरी अडचण पूर्वेच्या भिंतीची. ती सकाळी नऊ-दहाला तापते आणि तिची झळ पाच-सहाला, कामाच्या वेळेतच आत येते. म्हणून पूर्वेला चौदा इंच किंवा भरपूर सावली हवी.

सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे स्लॅब. पाच इंची काँक्रीट तीन-चार तासांतच दुपारची उष्णता खाली सोडतं. आपण वॉटरप्रूफिंगसाठी ब्रिकबॅट कोबा घालतोच. त्याखाली उष्णतारोधक थर आणि वर पांढरा चायना मोझॅक असेल, तर वरच्या मजल्यावर फरक लगेच जाणवतो. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, मोठ्या खिडक्या दक्षिण-उत्तरेला द्याव्यात. आपण 21 अंश अक्षांशावर असल्याने जूनमध्ये भर दुपारी सूर्य किंचित उत्तरेकडे झुकतो. म्हणून छज्जा उत्तरेलाही हवा.

आतली वीट आणि स्लॅबचा तळ उघडा राहायला हवा, नाहीतर जाड भिंतीचा उपयोग निम्म्यावर येतो. फॉल्स सीलिंग आणि प्लायवूडचं पॅनेलिंग केलं की थंड वस्तुमान झाकलं जातं आणि खोलीतली हवा एकटीच तापत बसते. एएसी ब्लॉक (सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) उष्णता अडवतात, पण हलके असल्याने साठवतात कमी. त्यांना बाहेरच्या अंगाला ठेवून आत भरीव वीट लावावी. जाड भिंतीच्या विटांना माती आणि त्या भाजायला कोळसा जास्त लागतो, हेही लक्षात घ्यायला हवं. आतल्या भिंतींसाठी औष्णिक वीजकेंद्राच्या राखेची, म्हणजे फ्लाय अॅशची वीट चालते, आणि अशी राख आपल्याला भुसावळजवळच्या दीपनगरला हाताशी आहे.

मग येते रात्र. बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की खालच्या जाळीदार झडपा आणि जिन्याच्या माथ्यावरचा मोठा झरोका उघडायचा. गरम हवा वर निघून जाते, पहाटेची हवा विटेला थंड करते. सकाळी आठच्या आत सगळं बंद. मेमध्ये झडपा उघडण्याची वेळ रात्री उशिरा येते, त्यामुळे हे वॉचमनवर सोपवू नये. आतलं-बाहेरचं तापमान ताडून पाहणारं साधं यंत्र आणि एक एक्झॉस्ट पंखा पुरतो. चोरी, डास आणि वळवाचा पाऊस यांचा बंदोबस्त नकाशातच करायचा.

इतकं करूनही मेमध्ये 26 अंश मिळणार नाहीत, आणि ग्राहकाला मी तसं वचन देत नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधनातून तयार झालेल्या भारतीय सूत्रानुसार, बाहेरची सरासरी 34 अंश असताना नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीत माणसाला साधारण 31 अंश सुखद वाटतात. पंख्याखाली तिथवर पोचणं शक्य आहे. पावसाळ्यात दिवस-रात्रीचा फरक आटतो, तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या आणि पंखे हाच आधार. सर्व्हर रूम किंवा एखाद्या बैठकीच्या खोलीला एसी लागेल. तो लावावा, पण तेवढ्यापुरताच.

पतसंस्था असो, बँकेची शाखा असो की डाळमिलचं कार्यालय, नकाशा मंजूर करण्याआधी आपल्या आर्किटेक्टला एक प्रश्न जरूर विचारा: रात्री ही इमारत थंड कशी होणार? त्याचं उत्तर नकाशावर दिसत नसेल, तर पुढची कितीतरी वर्षं ते वीजबिलावर दिसत राहील.