बॉनेटची कडी आणि दोन-तीन मिलिमीटरचा मोकळेपणा

गाडीचं बॉनेट बंद करायच्या लोकांच्या दोन पद्धती असतात. काही जण ते दोन्ही हातांनी हळूच दाबून बसवतात, जणू झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतायत. काही जण वीतभर अंतरावरून सरळ सोडून देतात आणि धाडकन आवाज झाला की खूश होतात. पहिली मंडळी दुसऱ्यांना रानटी समजतात. पण खरं सांगायचं तर बऱ्याच गाड्यांसाठी दुसरी पद्धतच बरोबर आहे. साधारण २०-३० सेंटिमीटरवरून सोडा, असं गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकातच लिहिलेलं असतं (ते पुस्तक कोण वाचतं म्हणा!). हातांनी दाबलं तर पत्र्याला पोचा पडू शकतो आणि कडी लागेलच असंही नाही.

हे एवढ्या अधिकारवाणीने सांगतोय कारण आयुष्यातली काही वर्षं मी या कडीवर घालवली आहेत. लग्नकार्यात कुणीतरी काका विचारतात, "गाड्यांच्या डिझाइनमध्ये आहेस म्हणे. कुठली गाडी केलीस?" मी म्हणतो, "गाडी नाही काका, बॉनेटची कडी." "अख्खी?" "नाही, आम्ही चौघं होतो." काका मग पुढच्या पंगतीची चौकशी करायला निघून जातात.

पण मंडळी, ती कडी वाटते तितकी साधी नाही.

बॉनेटच्या आतल्या बाजूला, पुढच्या कडेशी, इंग्रजी यू सारखी वाकवलेली एक जाड सळी असते. तो स्ट्रायकर. खाली रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर लॅच बसवलेलं असतं आणि त्यात एक फिरणारा पंजा असतो. स्ट्रायकर वरून आदळला की त्याच्याच धक्क्याने पंजा फिरतो आणि सळीला कवेत घेतो. त्याच क्षणी शेजारची स्प्रिंग लावलेली खिटी पंजाच्या खाचेत पडते. झालं, बॉनेट बंद! डॅशबोर्डखालचा खटका ओढला की केबल ही खिटी मागे खेचते आणि बॉनेट थोडंसं वर उडतं, पण पूर्ण उघडत नाही. मग आपण फटीत बोटं घालून, चाचपडत, कपाळाला आठ्या घालून तो दुसरा हूक शोधतो.

हा दुसरा हूक उगीच दिलेला नाही. अमेरिकेत १९६९ पासून तो नियमानेच सक्तीचा आहे. पुढून उघडणारं बॉनेट उघडल्यावर चालकाची नजर अडवत असेल, तर त्याला कडीचा दुसरा टप्पा किंवा दुसरी कडी असलीच पाहिजे. कारण साधं आहे. गाडी ताशी १०० च्या वेगात असताना बॉनेट सुटलं तर वारा ते उचलून थेट समोरच्या काचेवर आपटतो. चालकाला रस्ता दिसत नाही, दिसतो तो फक्त पत्रा. एक्सप्रेसवेवर असे काही सेकंद म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आता खरी गंमत. स्ट्रायकर बॉनेटबरोबर येतो आणि लॅच दुसऱ्याच कुठल्या तरी कारखान्यातून येतं. दोघांची पहिली भेट थेट असेंब्ली लाइनवर. मधे केवढी नातीगोती! बॉनेटचा आतला पत्रा, त्यावर कडा दुमडून बसवलेला बाहेरचा पत्रा, मागच्या बिजागऱ्या, त्या जिथे बसतात ती बॉडी, स्पॉट वेल्डिंगने थोडी इकडेतिकडे सरकलेली पुढची पट्टी, लॅचच्या बोल्टची भोकं, आणि शेवटी लॅच स्वतः. पत्र्याची कॉइल बदलली की पत्रा प्रेसमधून निघाल्यावर परत किती उसळतो तेही बदलतं. डाय झिजते. रंगाचाही थर असतो. यातलं कुणीच गुन्हेगार नाही. प्रत्येक जण आपापल्या ड्रॉइंगच्या मर्यादेत असतो.

समजा असे सहा दुवे आहेत आणि प्रत्येकाला अर्धा मिलिमीटर वर किंवा खाली जायची मुभा आहे. सहाही एकाच दिशेने चुकले तर स्ट्रायकर ३ मिलिमीटर वर किंवा खाली जाईल. पण सगळे एकदम एकाच बाजूला जाणं क्वचित, म्हणून संख्याशास्त्रवाले वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. उत्तर येतं साधारण १.२ मिलिमीटर. गाडीच्या धंद्यातली निम्मी भांडणं या १.२ आणि ३ मधली असतात. १.२ हे उत्तर गोंडस आहे, पण त्यामागे एक गृहीत आहे: प्रत्येक दुवा आपल्या मधल्या आकड्याभोवती, इतरांशी संबंध न ठेवता डुलतो. झिजणारी डाय अशी डुलत नाही. ती एकाच दिशेने जाते, रोज थोडी थोडी. म्हणून आमच्या गटात एक अलिखित नियम होता. दिसण्याच्या गोष्टीसाठी, म्हणजे बॉनेट आणि फेंडरमधली फट वगैरेसाठी, १.२ धरा. कडी लागण्यासाठी ३ धरा. फट वाकडी दिसली तर गिऱ्हाईक कुरकुर करेल, कडी नीट लागली नाही तर कुरकुर करायला ते उरेलच असं नाही.

स्ट्रायकर नेहमीपेक्षा वर राहिला तर पंजा पुरेसा फिरत नाही आणि खिटी पडत नाही. खाली आला तर खिटी पडते, पण बॉनेट सैल राहतं आणि वेगात थरथरतं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच: टॉलरन्स कमी करा. मीटिंगमध्ये हे वाक्य बोलायला दोन सेकंद लागतात. आम्हीही एकदा हा प्रस्ताव घेऊन भोसरीतल्या एका छोट्या प्रेसशॉपमध्ये गेलो होतो. मालक शांतपणे ऐकत होते. चहा झाल्यावर म्हणाले, "साहेब, तुम्ही अर्ध्याचा पाव करणार तो पेनाने. मला नवी डाय लागेल, मोजायला माणूस लागेल आणि दर दहातले दोन-तीन तुकडे भंगारात जातील. त्याचे पैसे कोण देणार?" कुणीच देणार नव्हतं. त्यांना परवडलं नसतं तर काम दुसरीकडे गेलं असतं आणि तिथेही पत्रा असाच उसळला असता. शेडमध्ये तीस-पस्तीस माणसं काम करत होती. ड्रॉइंगवरच्या एका आकड्याला एवढी माणसं लटकलेली असतात, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही.

दुसरा उपाय म्हणजे लॅचच्या बोल्टची भोकं लांबट करणे. लाइनच्या शेवटी एक जण उभा करायचा, तो प्रत्येक गाडीला लॅच वरखाली सरकवून जुळवेल आणि आवळेल. हा उपाय जगभर चालतो, पण मला तो कधीच पूर्ण पटला नाही. यात तफावत नाहीशी होत नाही, ती फक्त पत्र्यातून माणसाच्या मनगटात जाते. सकाळच्या शिफ्टचं मनगट वेगळं, रात्रीचं वेगळं. म्हणजे पुन्हा आपण जुन्या फिटरच्या काळात, कानस घेऊन प्रत्येक तुकडा त्याच्या जोडीदाराला घासून बसवणाऱ्या काळात गेलो. त्या काळाला निरोप देता येतो हे १९०८ सालीच दिसलं होतं. इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्सला तीन कॅडिलॅक गाड्या सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, पुन्हा जोडल्या आणि ५०० मैल पळवल्या. घासाघीस न करता!

तिसरा रस्ता मला एका जपानी माणसाच्या गोष्टीत सापडला. गेनिची तागुची हे नाव क्वालिटीवाल्यांना ठाऊक असेल. १९५० च्या दशकात जपानच्या इना टाइल कंपनीत फरशा लहान-मोठ्या निघत होत्या, कारण भट्टीत सगळीकडे तापमान सारखं नव्हतं. नवी भट्टी म्हणजे प्रचंड खर्च. त्यांनी भट्टीला हातच लावला नाही. मातीचं मिश्रण बदलून पाहिलं आणि चुन्याचं प्रमाण १ टक्क्यावरून ५ टक्क्यांवर नेलं. भट्टी तशीच लहरी राहिली, पण फरशांना तिच्या लहरीचं फारसं काही वाटेनासं झालं. कारण दूर करता येत नसेल तर वस्तूला त्या कारणाबद्दल बेफिकीर करा. किती साधं, आणि किती उशिरा सुचणारं!

आम्ही तेच केलं. भोसरीचा पत्रा आमची भट्टी होती. लॅच पिनांवर पक्कं बसवलं, सरकवायची सोयच काढून टाकली. लॅचचं तोंड नरसाळ्यासारखं पसरट केलं. स्ट्रायकर डावी-उजवीकडे चुकून आला तरी तिरप्या कडांवरून घसरत मधे येतो. पुढे-मागे चुकला तर? सळीचा पकडायचा सरळ भाग लांब ठेवला, पंजाने तो कुठेही धरला तरी चालतं. उरली उंची. तिथे बॉनेट आदळताना स्ट्रायकर आपल्या शेवटच्या जागेपेक्षा काही मिलिमीटर आणखी खाली जाऊ शकेल इतकी जागा सोडली. त्यामुळे उंच राहिलेल्या स्ट्रायकरलाही खिटी पडेपर्यंत पोचता येतं. नंतर कडेची रबरी बटणं बॉनेटला वर ढकलतात, स्ट्रायकर पंजाला घट्ट भिडतो आणि थरथर थांबते. सैलपणा बंद होण्याच्या त्या एका क्षणापुरता. पुढे सगळं ताठ.

पण एका ठिकाणी आम्ही तसूभरही सैल सोडलं नाही: खिटी आणि पंजाची खाच. खिटी एक तर पूर्ण पडेल, नाही तर पडणारच नाही. काठावर टेकून "बंद आहे असं दिसणारी" कडी सगळ्यात धोक्याची. मुख्य कडी लागली नसेल तर बॉनेट स्पष्ट उचललेलं दिसलं पाहिजे, अंधारात, घाईत, पेट्रोल पंपावरच्या पोऱ्यालाही. मग मुद्दाम वाईटात वाईट तुकडे बनवून घेतले. सगळ्यात उंच, सगळ्यात खालचे, एका कुशीवर कललेले. थंडीत रबर कडक होतं, उन्हात मऊ पडतं, म्हणून तीही सोंगं केली. चिखल घातला. हजारो वेळा आपटलं. भोसरीचं ड्रॉइंग होतं तसंच राहिलं.

हे सगळं करताना मला कोकणातल्या आजोळच्या दाराची आठवण यायची. फणसाच्या लाकडाचं दार, पावसाळ्यात फुगायचं, उन्हाळ्यात आक्रसायचं आणि वर्षानुवर्षं एका बाजूला खचत चाललेलं. पण कडी-कोयंडा कधी अडला नाही. कारण ती कडी म्हणजे साखळीच. दार अर्धा इंच खाली बसो की वर, साखळी आपली झुकून कोयंड्यापर्यंत पोचते. आणि कोयंडा मात्र चौकटीत असा ठोकलेला की बैल लावला तरी निघू नये. त्या सुताराला टॉलरन्स हा शब्द माहीत नसणार. कुठे सैल सोडायचं आणि कुठे नाही, हे मात्र पक्कं माहीत होतं.

टॉलरन्सला मराठीत आपण सहनशीलता म्हणतो आणि लगेच सोसणं, गिळणं, चालवून घेणं हे अर्थ डोक्यात येतात. कडीवर काम केल्यापासून मला तो अर्थ पटत नाही. "चालतंय की" म्हणणारी कडी एक्सप्रेसवेवर माणूस मारते. आणि "मला सगळं शून्यावर हवं" म्हणणारी कडी भोसरीतली शेड बंद पाडते, शिवाय पहिल्याच थंडीत अडते. समोरचा थोडा वाकडा येणार हे आधीच धरून चालायचं, त्याला मधे यायला उतार करून द्यायचा, आणि जिथे जीव टांगलेला आहे तिथे एक सूतही सोडायचं नाही. हे माणसांच्या बाबतीतही खरं असावं, पण त्यात माझा अनुभव कमी. मी आपला कडीवाला.