अन्न सोडले, की तोंड दुखते?

वृद्ध माणसाने जेवण नाकारले की आपल्याकडे चटकन म्हटले जाते, ‘त्यांनी आता अन्न सोडले.’ या वाक्यात आदर असतो आणि निरोपाची तयारीही. पेण-रोहा पट्ट्यात वैद्यकीय व्यवसाय करताना ते मी अनेक घरांत आणि वृद्धाश्रमांत ऐकले आहे. माझी विनंती एवढीच, की ते उच्चारण्यापूर्वी आपण एकदा बॅटरी घेऊन त्या माणसाच्या तोंडात पाहावे.

कासूच्या परिसरातील एका वृद्धाश्रमातून अशाच एका आजोबांसाठी मला बोलावणे आले. पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. चार दिवस पेजही घेत नव्हते. ताप नव्हता, छाती स्वच्छ होती. कवळी काढू लागलो तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट घट्ट धरले. ती हळूहळू सुटली, तेव्हा टाळूवर तिच्याच आकाराचा लालभडक चट्टा दिसला, कडेला बुरशीचा पांढरा थर, आणि उजव्या गालात जुना, आंबलेला भात. कवळी शेवटची कधी काढली होती, हे कोणालाच सांगता येईना. तोंड स्वच्छ केले, बुरशीचे औषध सुरू केले, कवळी काही दिवस बाहेरच ठेवली. आठवड्याभरात आजोबा आमटीत कुस्करलेली तांदळाची भाकरी मागू लागले. बोटाने खूण करून.

तिथल्या सेविकेला मी दोष देणार नाही. तिघींचे काम ती एकटी करत होती. भिंतीवरच्या तक्त्यात गोळ्या, लघवी, शौच, पाठीवरचे व्रण या साऱ्यांचे रकाने होते, तोंडाचा नव्हता. शिवाय एक संकोचही असतो. आपण वडिलांचे अंग पुसतो, डायपर बदलतो, पण त्यांच्या तोंडात बोट घालताना मन कचरते. उष्ट्याची किळस आपल्यात फार खोलवर रुजली आहे.

अपंगत्वाचा दातांशी संबंध अगदी साधा आहे. संधिवाताने आखडलेल्या बोटांना ब्रशची बारीक दांडी धरवत नाही. कंपवातात हात ठरत नाही. स्मृतिभ्रंशात हातातला ब्रश कशासाठी, हेच विसरले जाते. लुळ्या बाजूच्या गालात घास अडकतो, आणि त्याची जाणीवही होत नाही. त्यातच लघवीच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी लाळ आटते, आणि कोरड्या तोंडात दात लवकर किडतात.

हा प्रश्न तोंडापुरता राहत नाही. तोंडातील जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरले की न्यूमोनिया होऊ शकतो. जपानमधील ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षे चाललेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे तोंड प्रत्येक जेवणानंतर स्वच्छ केले जात होते, त्यांच्यात शेकडा ११ जणांना न्यूमोनिया झाला; इतरांत शेकडा १९ जणांना. दात नसलेल्यांनाही हा लाभ दिसला. ‘दातच नाहीत, घासायचे काय?’ असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

करायचे काय? रुग्णाला बसते करा, हनुवटी किंचित छातीकडे राहू द्या. आडव्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. मऊ ब्रश ओला करून वाटाण्याएवढी पेस्ट घ्या. चूळ भरता येत नसेल तर पेस्टही नको, नुसते पाणी पुरे. दात, हिरड्या, जीभ, आणि लुळ्या बाजूचा गाल आवर्जून. बोट दातांमध्ये घालू नका; दचकून चावा बसतो. हात थोडाफार चालत असेल तर ब्रशच्या दांडीवर सायकलच्या हँडलचे रबर चढवा आणि त्यांचे त्यांना घासू द्या. वेळ लागेल, लागू द्या. हिरड्यांतून थोडे रक्त आले म्हणून घासणे थांबवू नका. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि रक्त थांबत नसेल, तर गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारा.

कवळी रात्री काढून, घासून, साध्या पाण्यात ठेवावी. उकळते पाणी नको, तिचा आकार बिघडतो.

आपल्या भागातील आज्यांसाठी एक वेगळी सूचना. आयुष्यभर मशेरी लावलेल्या तोंडात पांढरा वा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर ती दुखत नसली तरी दाखवलीच पाहिजे. दंतवैद्याचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि रुग्ण चाकाच्या खुर्चीत, ही अडचण मी रोज पाहतो. अशा वेळी आधी दूरध्वनी करून विचारा. घरी येऊन तोंड तपासणारे दंतवैद्यही असतात.

आणि आपले आईवडील वृद्धाश्रमात असतील, तर पुढच्या भेटीत फळांबरोबर एक मऊ ब्रश आणि झाकणाची डबी न्या. डबीवर त्यांचे नाव लिहा. कवळीवरही दंतवैद्याकडून नाव घालून घ्या, कारण अनेकांच्या कवळ्या एकत्र धुतल्या जातात तेथे त्यांची अदलाबदल होते. मग व्यवस्थापकांना विचारा, तक्त्यात तोंडाचा रकाना आहे का.