ब्रिटनची बाइक आणि पप्पांचं पॅटर्न शॉप

मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा पप्पांनी शेड रिकामी करायला घेतली होती. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत, मुख्य रस्ता सोडून बरंच आत, भाड्याची पत्र्याची शेड. तिथे पप्पांनी सव्वीस वर्षं फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न बनवले.

पॅटर्न म्हणजे काय हे कोल्हापूरबाहेर सांगावं लागतं. धातूचा एखादा भाग ओतायचा, तर आधी तो लाकडात घडवायचा. तो वाळूत दाबून बाहेर काढला की वाळूत त्याच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. भाग आतून पोकळ हवा असेल तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा कोअर आत बसवायचा. लाकडात झालेली चूक धातूत जशीच्या तशी उतरते.

आता पप्पांच्या ओळखीच्या बहुतेक फाउंड्र्या कॅड मॉडेल मागतात आणि पॅटर्न मशीनवर कापून घेतात. पप्पांकडे शेवटी फक्त दुरुस्तीची कामं येत होती. जुने लाकडी पॅटर्न जळणाच्या भावानं जाणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता.

संध्याकाळी दोघंही दमून कट्ट्यावर बसलो होतो. काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. म्हणून मी मोबाइल काढला आणि म्हणालो, "पप्पा, एक बाइक दाखवतो तुम्हाला."

* * *

मी मेकॅनिकलचा इंजिनिअर आहे आणि पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. अशी माणसं तुमच्याही ओळखीत दहा-बारा असतील. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकून आता मी पेमेंटच्या सिस्टिम सांभाळतो. महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल असतो. रात्री दोनला अलर्ट येतो, मी तो निस्तरतो, मग झोप लागत नाही आणि मी जुन्या रेसचे व्हिडिओ बघत बसतो. तीन वर्षांपूर्वी हप्त्यावर ६५० सीसीची ट्विन घेतली, तेव्हापासून हा नाद वाढला. ट्विन म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन.

रेसिंगमध्ये ट्विनची जागा गमतीची आहे. समजा, १००० सीसीचं इंजिन करायचंय. ते दोन सिलिंडरमध्ये वाटा किंवा चारमध्ये. चारमध्ये वाटलं तर प्रत्येक पिस्टन लहान आणि हलका होतो. पिस्टनला प्रत्येक फेरीत वर एकदा आणि खाली एकदा थांबून उलटं फिरावं लागतं. हलका पिस्टन हे जास्त वेगानं करू शकतो. मिनिटाला जितक्या जास्त फेऱ्या, तितकी जास्त हवा आणि पेट्रोल जळतं आणि तितकी जास्त पॉवर मिळते. ट्विनचे दोन मोठे पिस्टन इथे मागे पडतात. त्या बदल्यात इंजिन अरुंद होतं, भाग कमी लागतात आणि वळणातून बाहेर पडताना कमी फेऱ्यांवरही ते ओढतं.

१९८८ मध्ये वर्ल्ड सुपरबाइक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा चार सिलिंडरच्या बाइकना ७५० सीसीची मर्यादा होती आणि ट्विनना १००० सीसीपर्यंत परवानगी होती. थोडक्यात, ट्विन हा लिंबूटिंबू आहे हे नियमांनीच मान्य केलं होतं.

या सवलतीचं सोनं केलं इटलीच्या डुकाटीनं. नव्वदीच्या सुरुवातीला ट्विनच्या जगात डुकाटीचंच राज्य होतं. आणि या लिंबूटिंबूंच्या राजाला घाम फोडणारी बाइक आली न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या एका शेडमधून. तिचं नाव ब्रिटन व्ही १०००.

* * *

जॉन ब्रिटनचा जन्म १९५० चा. त्याला डिस्लेक्सिया होता. लिहिणं-वाचणं अवघड जायचं, पण हात आणि डोळे तयार होते. त्यानं मोजक्या मित्रांना हाताशी धरून घराच्या आवारात ही बाइक बांधली. आधी त्यानं दुसऱ्यांचं इंजिन लावून पाहिलं होतं. ते भरवशाचं निघालं नाही, म्हणून त्यानं स्वतःचं बनवायचं ठरवलं.

मी पप्पांना बॉडी काढलेल्या बाइकचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाइल नाकाजवळ नेला.

"चासी कुठाय हिची?"

"चासी नाहीच. इंजिनच चासी आहे. पुढचं सस्पेन्शन, मागचं सस्पेन्शन, सगळं इंजिनालाच जोडलंय."

"म्हंजे कास्टिंगवर सगळा लोड."

"हो."

"आणि कास्टिंग कुठनं केलं?"

"त्यांनी स्वतःच ओतलं. हीट ट्रीटमेंटला मातीची भांडी भाजायची भट्टी वापरली."

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आत एक ब्लो होल ऱ्हायला असता तर पोरगं मेलं असतं की रं."

मी ही बाइक शंभर वेळा पाहिली असेल. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मला आकडे पाठ होते: ९९९ सीसी, ६० अंशांचा व्ही-ट्विन, साधारण १६६ हॉर्सपॉवर, वजन १३८ किलो. माझी बाइक दोनशे किलोच्या वर आणि ४७ हॉर्सपॉवरची आहे. पप्पांना आकड्यांशी घेणंदेणं नव्हतं. धातू आत कुठून शिरला असेल, कुठे आधी गोठला असेल, हे ते बघत होते.

मग त्यांनी एकेक गोष्ट विचारली. पुढे नेहमीचे फोर्क का नाहीत? मी सांगितलं, ब्रेक मारला की फोर्क दबतात आणि बाइकचं नाक खाली जातं. ब्रिटननं दांड्यांची वेगळी जोडणी केली आणि ते टाळलं. रेडिएटर दिसत नाही, तो कुठाय? सीटच्या खाली. पुढून आत घेतलेली हवा तिथवर नेलीय, म्हणून बाइक पुढून इतकी अरुंद झाली. मागचा शॉक ॲब्सॉर्बर पुढे का? तिथे तो गार राहतो. चाकं कार्बन फायबरची, तीही घरीच केलेली. बॉडीचा आकार तारेच्या सांगाड्यावर गरम गोंदाच्या बंदुकीनं ठरवलेला.

"जुगाड नव्हं हे," पप्पा म्हणाले.

हा शब्द त्यांनीच काढला म्हणून बरं झालं. आमच्या ऑफिसात कुठलंही सेशन असो, एका स्लाइडवर 'जुगाड' असतोच. कमी पैशात, कमी वेळात, कसंबसं चालवून दाखवणं. मोठ्यांना हरवणाऱ्या लहानांची गोष्ट आपण नेहमी अशीच सांगतो आणि ब्रिटनचीही अशीच सांगितली जाते: शेड, गोंदाची बंदूक, भट्टी. पण त्याच शेडमधल्या बाइकवर इंजिनाचा कॉम्प्युटर होता, आणि धावताना इंजिनात काय चाललंय याची नोंद तो ठेवायचा. तीस वर्षांपूर्वी. मी आज ज्याला लॉग म्हणतो आणि रात्री दोनला ज्यात डोकं घालतो, तेच ते. जुगाडात माणूस 'हे असंच असतं' हे मान्य करतो आणि वरून ठिगळ लावतो. ब्रिटननं ते कुठेच मान्य केलं नाही. फोर्क का? चासी का? रेडिएटर पुढेच का? प्रत्येक प्रश्न त्यानं मुळापासून पुन्हा विचारला आणि उत्तर स्वतःच्या हातांनी ओतलं.

"पैसं कुणाचं?" पप्पांनी विचारलं.

"घरचा मालमत्तेचा धंदा होता त्याचा."

"म्हंजे घरचं बरं हुतं."

मी हो म्हणालो. हेही खरंच आहे. डुकाटीच्या कारखान्यापुढे तो फाटका होता, शिरोलीतल्या भाड्याच्या शेडपुढे नव्हता.

* * *

मग मी त्यांना रेस दाखवली. मार्च १९९२, अमेरिकेतल्या फ्लोरिडातलं डेटोना. रेसचं नाव 'बॅटल ऑफ द ट्विन्स'. आदल्या वर्षी इथेच ब्रिटन दुसरी आली होती. या वेळी बाइकवर अँड्र्यू स्ट्राउड होता आणि समोर डुकाटी ८८८ वर पास्काल पिकॉट. आदल्या दिवशी एका सिलिंडरच्या लायनरला चीर गेलेली सापडली होती. टीमनं रात्रभर जागून ती वेल्ड केली. त्या इंजिनावर स्ट्राउड कारखान्याच्या डुकाटीला गाठतो, मागे टाकतो. ओलांडताना त्याचं पुढचं चाक हवेत उचललेलं असतं. पप्पांच्या तोंडून आपोआप "आयला" निघालं.

आणि शेवटच्या काही लॅप राहिल्या असताना बाइक बंद पडते. इंजिन शाबूत. चीर धरून राहिलेली. घरी ओतलेलं कास्टिंग धडधाकट. दगा दिला विजेच्या रेक्टिफायरनं.

"त्यो पार्ट त्यांनी केला नव्हता," पप्पा म्हणाले.

"नसणार. असले पार्ट विकतच आणतात."

पप्पांनी मान हलवली. मला वाटलं ते म्हणतील, बघ, बाहेरचा पार्ट. पण ते म्हणाले, "सगळं कुठं आपल्या हातात असतंय."

पुढचं मी त्यांना सांगून टाकलं. १९९४ मध्ये स्ट्राउडनं डेटोनाला ट्विनची रेस जिंकली. त्याच वर्षी आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीच्या सरावात मार्क फार्मर नावाचा रायडर ब्रिटनवरून पडून गेला. १९९५ मध्ये ब्रिटननं बेअर्सची जागतिक मालिका जिंकली, जपानी सोडून इतर बाइकसाठीची. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्वचेच्या कॅन्सरनं जॉन ब्रिटन गेला. वय ४५. व्ही १००० एकूण दहाच झाल्या. एक वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे.

"दहाच?"

"दहाच."

पप्पांनी शेडमध्ये नजर फिरवली. भिंतीला टेकवून ठेवलेले पंपांचे, पुलींचे, गिअरबॉक्सच्या झाकणांचे पॅटर्न. मोजले नव्हते कधी, पण हजारावर काम गेलं असेल त्यांच्या हातून. एकावरही त्यांचं नाव नाही.

* * *

आता जे सांगायचंय त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. तेव्हा पप्पा म्हणाले होते, "छोट्या इंजिनाचं हेड करूया. ड्रॉइंग तू काढ, पॅटर्न मी करतो, ओतायला एकाला सांगतो." त्यांनी हे दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा मी वैतागून म्हणालो, "पप्पा, मार्क रिपोर्टला असतात, कास्टिंगला नाही." मग आमच्या ग्रुपनं, जसं पुष्कळ जण करतात, तसा पैसे भरून दुकानातून तयार प्रोजेक्ट आणला. हवेच्या दाबावर चालणारा ऑटोमॅटिक बंपर. सबमिशनच्या आधी तो एक दिवस आमच्या घरी होता. पप्पांना मी सांगितलं, चार महिने खपलो. परीक्षकांनीही काही विचारलं नाही. चांगले मार्क पडले.

त्याच काळात कॅम्पसच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायासमोर मी 'बिझनेस' असं लिहायचो. पॅटर्न मेकर लिहिलं तर समजावून सांगावं लागेल, असं स्वतःला पटवायचो. खरं कारण मला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी, मोबाइलची बॅटरी संपत आल्यावर, मी म्हणालो, "पप्पा, तो बंपर आम्ही विकत आणला होता."

"म्हाईत हुतं."

"कसं?"

"रंग वाळला नव्हता. हाताला लागला. चार म्हयन्याचं काम म्हणालास न्हवं?" आणि ते हसले. खरंच हसले, मनात काही न ठेवता. मला मात्र हसता आलं नाही. सात वर्षं ते हे जाणून होते आणि लोकांना 'आमचा पोरगा इंजिनिअर' असं सांगत होते.

ब्रिटनची गोष्ट मी इतकी का बघत बसायचो ते मला तिथे कळलं. मला वाटायचं मी लहान माणसाच्या बाजूनं आहे. प्रत्यक्षात माझ्या घरात तसा माणूस होता, त्याच्याकडे लाकूड होतं, हात होते, ओतायला ओळखीची फाउंड्री होती, आणि त्यानं मला दोनदा बोलावलं होतं. मी दुकानातून बंपर आणला.

* * *

सकाळी टेम्पो आला. मी दोन-तीन पॅटर्न बाजूला काढायला लागलो तर पप्पा म्हणाले, "पुण्यात ठेवणार कुठं? वाळवी लागंल." त्यांनी टेबलाच्या खणातून एक स्टीलची पट्टी काढून दिली. "ही ने."

पॅटर्नवाल्यांची पट्टी नेहमीच्या पट्टीसारखी नसते. ओतलेला धातू गार होताना आकसतो, बीड साधारण एक टक्का, ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी गणित नको म्हणून पट्टीवरच्या खुणाच तेवढ्या लांब केलेल्या असतात. बिडाच्या पट्टीवर जिथे ३०० मिलिमीटर लिहिलेलं असतं, तिथे खरे ३०३ असतात. ब्रिटनच्या शेडमध्येही कुणाला तरी हा हिशोब करावाच लागला असणार. त्याशिवाय कास्टिंग मापात बसत नाही.

ती पट्टी आता माझ्या ऑफिसच्या टेबलावर असते. मागच्या महिन्यात शेजारच्या एकानं तिच्यानं मॉनिटरचा स्टँड मोजला आणि फळी कापून आणली. बसली नाही. "भावा, चुकीची पट्टी आहे तुझी," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं, पट्टी बरोबर आहे, माझे वडील पॅटर्न मेकर होते. पॅटर्न मेकर म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. स्टँडअप मीटिंगला पाच मिनिटं होती. मी खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि सांगायला लागलो.