हाताला काम, मग तोंडाला शब्द

बुजऱ्या पोराला आवाज नसतो, हे मला कधीच पटलेलं नाही. आमच्या सोनईच्या शिवारात दिवस कलताना बांधावर उभं राहिलं, की वर्गात ‘हजर’सुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणणारं पोरगं दोन वावरांपलीकडच्या आजोबांना हाळी देताना ऐकू येतं. आवाज खणखणीत असतो. तेच पोर सव्वीस जानेवारीला माइकसमोर उभं केलं, की घसा कोरडा पडतो आणि पायाचा अंगठा माती उकरू लागतो. शिवारात त्याच्याकडे कुणी पाहत नसतं, इथं सगळं गाव पाहत असतं. भीड असते ती नजरेची.

मी प्राथमिक शिक्षक. शाळेत मुलांची नाटकं बसवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. दर वर्षी कुणीतरी आई किंवा चुलता फाटकाशी गाठून सांगतो, “सर, पोरगं लई लाजतं, भाषणात घ्या जरा, भीड चेपंल.” भीड चेपायला हवी, हे खरं. पण भाषणात मी त्याला घेत नाही. भाषणात पोर एकटं, हात रिकामे, सगळ्या नजरा तोंडावर आणि शब्द दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेले. एक ओळ विसरली की पुढचं सगळं गेलं, वर मंडपात हशा. लाजऱ्या पोराला सुरुवातीलाच यापेक्षा अवघड काम देता येणार नाही.

मी आधी हाताला काम शोधतो. नाटकात अशी कामं पुष्कळ असतात. पडदा ओढणं, सामान मांडणं, पत्रा हलवून गडगडाट करणं. तिसरीतली एक मुलगी दप्तर छातीशी धरून बसायची, विचारलं की मान खाली. आमच्या नाटकात पाऊस पडायचा होता. तिच्या हातात सूप दिलं, त्यात ओंजळभर ज्वारी. सूप जरा कलतं धरून दाणे गोल फिरवले, की अगदी पावसाचा आवाज येतो. हळू फिरवलं तर भुरभुर, वेग वाढवला तर झड. पडद्यामागं बसून ती ते करत राहिली. दाणे कडेला साचले की सर तुटते, हे तिचं तिलाच कळलं, आणि सूप कुठल्या बाजूला किती झुकवायचं तेही तिनंच बसवलं. मी काही शिकवलं नाही. एका तालमीत पुढच्या पोरानं घाई केली. पाऊस सुरू व्हायच्या आतच “आला रे आला!” म्हणून तो नाचायला लागला. पडद्यामागून आवाज आला, “थांब ना! माझा पाऊस अजून यायचाय!”

सगळे थांबले. पोरगा मागं गेला आणि पुन्हा आला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, तिचं नावही घेतलं नाही, तालीम पुढं चालू ठेवली. अशा वेळी ‘बघा, बोलली बोलली’ म्हणून गलका केला, की पोर पुन्हा मिटतं. पुढं त्याच पडद्यामागून तिनं म्हातारीचा आवाज दिला. मग साडीच्या आडोशानं हातबाहुली नाचवली, मग मुखवटा घालून समोर आली. प्रत्येक वेळी काम नवीन होतं, पण आधीच्या कामाला लागूनच होतं. नकोसं झालं तर सुपाकडे परतायची मुभा तिला शेवटपर्यंत होती. परत जाता येतं हे ठाऊक असलेलं पोर पुढं जायला भीत नाही, असा माझा अनुभव आहे.

भीती अशी पायरीपायरीनं घालवायची वाट जुनीच आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. ससा पिंजऱ्यात, आधी खोलीच्या दूरच्या टोकाला. पीटरला आवडीचा खाऊ द्यायचा आणि पिंजरा थोडा थोडा जवळ आणायचा. सशाला न भिणारी दोन-तीन मुलंही त्यांनी पीटरबरोबर खेळायला ठेवली होती. ही सोबतीची गोष्ट मला फार मोलाची वाटते. मोठ्यांनी सांगून जे होत नाही, ते शेजारचं पोर ससा कुरवाळताना पाहून होतं.

आपल्याकडे ही सोबत आयती मिळते ती सप्ताहात. आमचा तालुका नेवाशाचा, ज्ञानेश्वरी सांगितली गेली तिथला. गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतो. संध्याकाळी हरिपाठाला पोरं दोन रांगांत समोरासमोर उभी राहतात. गळ्यात टाळ, दोन्ही हात गुंतलेले, पाय पावलीत आणि तोंडानं सगळ्यांबरोबर अभंग. चुकलं तरी कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण शेजारी वीस टाळ वाजत असतात. वर्गात न बोलणारी मुलं तिथं गाताना मी पाहिली आहेत. काल्याच्या दिवसापर्यंत एखादं रांगेत पुढंही सरकलेलं असतं. सभाधीटपणाचं याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही, म्हणून माझ्या नाटकांत गाणारा घोळका असतोच.

मुंबईत १९५९ साली सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणून मुलांच्या नाटकाला मानाची जागा मिळवून दिली. त्या वाटेवरून मुलांची नाटकं बसवणारे आम्ही सगळेच चालतो. पण गावच्या शाळेत मला जास्त आधार वाटतो ताराबाई मोडकांचा. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीच्या इमारतीकडे येईनात, तेव्हा ताराबाई बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी जन्मली ती अशी. त्यांनी बुजऱ्या पोराला ओढत आणलं नाही, त्याच्या ओळखीच्या जागेत नवीन काम नेलं.

एक गोष्ट मात्र पालकांना स्पष्ट सांगतो. घरी भरभरून बोलणारं पोर शाळेत महिनोन्‌महिने कुणाशीच एक शब्द बोलत नसेल, तर ते नुसतं लाजणं नव्हे. त्याला बालमानसतज्ज्ञाकडे न्यावं. तिथं नाटकवाल्या मास्तराचं काम नाही. आणि चारचौघांत “मुका आहेस का रे?” असं कुणीही, कधीही विचारू नये. तो शिक्का पोराच्या अंगाला चिकटतो.

इथल्या मुळा साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की बीडकडच्या मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडतात आणि ऊसतोडीला आलेल्यांची पोरं मधूनच वर्गात येऊन बसतात. त्यांचं बुजणं दुहेरी. गाव परकं, आणि आज ना उद्या मुक्काम हलणार हे त्यांनाही ठाऊक असतं. म्हणून नाटक मी कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आत बसवतो. यंदाच्या नाटकात बैलगाडी आहे. दोन पोरं बैल झाली होती, एक गाडीवान. टोळीतला एक मुलगा दाराच्या चौकटीला टेकून रोज बघत असे. एक दिवस न राहवून आत आला आणि ‘बैलां’चा कासरा सोडवून नीट बांधला. मग बैल डावीकडे वळवायचा तर कोणता कासरा ओढायचा आणि तोंडानं कसला आवाज काढायचा, ते त्यानं करून दाखवलं. शब्द एकही नाही, नुसती जिभेची टकटक. आता आमची सोनईची पोरं त्याच्यामागं लागलेली असतात, “परत दाखव, परत दाखव.”

गाडीवानाच्या तोंडी तीन वाक्यं आहेत. ती तू म्हण, असं मी त्याला अजून म्हटलेलं नाही. पण आधीच्या गाडीवानानं आपण होऊन बैल व्हायचं ठरवलं आहे, आणि तालमीत गाडी सध्या हाच हाकतो.