चूक काढता येईल असा नकाशा

परिसर अभ्यासाच्या तासाला मुलं गावाचा नकाशा काढतात. मधोमध शाळा, शेजारी देऊळ, निळा ओढा. भिंतीवर तो शोभतो, पण त्यात कुणी चूक काढत नाही, कारण त्यावरून कुणाला काही शोधायचंच नसतं. मुलांच्या नकाशाची माझी कसोटी एवढीच: तो चुकीचा ठरू शकतो का? नुसता हापसा दाखवून भागत नाही. दांडा किती वेळा मारल्यावर पाणी पडतं, हे मुलांनी दिवाळीनंतर मोजावं आणि एप्रिलमध्ये पुन्हा मोजावं. आकडे चिन्हाशेजारी लिहिले की पाणी भरणारी बाईच हरकत घेते, सकाळी एवढे मारावे लागत नाहीत म्हणून. मग वेळही नोंदवावी लागते, आणि खरा अभ्यास इथून सुरू होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर १०० मीटरची वाडी २ मिलिमीटरची होते. तिथे हापसा कुठून दिसणार?

पोरांच्या मोजणीवर विश्वास कसा ठेवायचा, असं विचारतात. १९३०च्या दशकात भूगोलतज्ज्ञ डडली स्टँप यांनी ब्रिटनमधल्या जमिनीचा वापर नोंदवला, तो मुख्यतः शाळकरी मुलांच्या हातून. मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे घेऊन मुलं शेत न् शेत फिरली, आणि दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्य वाढवायची वेळ आली तेव्हा त्या नोंदी कामी आल्या. मुलं चुकत नव्हती असं नाही. खुणा मोजक्या होत्या आणि आलेलं काम तपासलं जात होतं. यात शिकवण्याचा वेळ जातो, ही तक्रार मला फारशी पटत नाही. प्रमाण, दिशा, क्षेत्रफळ तसंही शिकवायचंच असतं.

भांडणाची भीती मात्र खरी आहे. गाव नकाशातली पाणंद जागेवर कुणाच्या तरी बांधात गेलेली असते. वस्त्यांच्या नावांचंही तेच. जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला, पण मूल घरी ऐकतं तेच नाव लिहितं. शिक्षकाला त्याच गावात नोकरी करायची असते, हेही विसरून चालत नाही. म्हणून नाव त्या वस्तीतल्या माणसांना विचारून लिहावं, बाहेरच्यांना नव्हे. पाणंदीबाबत मुलांनी फक्त 'बैलगाडी इथपर्यंत जाते' एवढंच नोंदवावं. अतिक्रमण कुणाचं, हे ठरवणं त्यांचं काम नाही. तो कागद ग्रामसभेत मांडायचा की नाही, ते मोठ्यांनी बघावं.