पौडचे भाऊसाहेब

आमच्या मुळशी तालुक्यातल्या एखाद्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडून पाहावे. पानेच्या पाने १ जूनला जन्मलेली सापडतात! आई सांगे, "भाताची आवणी चालू होती तवाचा." बाप सांगे, "न्हाई, धाकल्या भावाचं लगीन झालं त्या सालचा." मास्तर दोघांचेही शांतपणे ऐकून घेत, मूल सहा वर्षांचे भरेल अशा बेताने साल धरीत आणि त्यापुढे १ जून लिहून मोकळे होत. आता सरकारी नियम असा, की महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आधल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे आली की कचेऱ्याकचेऱ्यांतून नारळांचा खप वाढतो.

यंदा त्यात आमचे भाऊसाहेबही होते. १ जून १९६७ चा जन्म. अठ्ठावन्न वर्षे पुरी झाली.

भाऊसाहेब म्हणजे पौडच्या पंचायत समितीतल्या शिक्षण विभागाचे कारकून. कागदोपत्री 'वरिष्ठ सहाय्यक'. पण हे पद पगारपत्रकाबाहेर कोणी उच्चारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांचे नाव मी सांगत नाही. छापून आलेले त्यांना आवडणार नाही, आणि त्यांना न आवडणारी गोष्ट करायला तालुक्यातला कोणताच मास्तर धजत नाही.

मी लवासाच्या वरच्या अंगाला एका वाडीवर शिकवतो. २००१ साली वाडीत वस्तीशाळा निघाली तेव्हा तिथे मॅट्रिक झालेला मी एकटाच. महिना हजार रुपये मानधनावर मास्तर झालो. शिक्षकाची पदविका पुढे टपालाने शिकलो, पण वाडी मला अजून मॅट्रिकवालाच म्हणते. लवासा हे नाव तेव्हा वाडीत कोणी ऐकलेले नव्हते. घाट उतरून मुठ्यावरून पिरंगुट, आणि तिथून पौड, असा मानधनाच्या चौकशीचा माझा रस्ता. भाऊसाहेब मान वर न करता म्हणत, "मास्तर, आधी पाणी प्या." मानधन आले नसले तरी माणूस पाणी पिऊन बाहेर पडे, आणि घाट चढताना राग आलेला नसे.

२०१४ साली वस्तीशाळांच्या निमशिक्षकांना जिल्हा परिषदेच्या सेवेत घेतले. माझे सेवापुस्तक भाऊसाहेबांनी उघडले. जन्मतारखेच्या रकान्यापाशी टाक थांबवून त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"१ जून?"

"होय."

"म्हणजे घरचेच निघालात," ते म्हणाले आणि लिहू लागले.

पण भाऊसाहेबांची खरी करामत सेवापुस्तकांत नव्हती. हा तालुका पाण्याने उठवलेल्या गावांचा. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली इथे सत्याग्रह झाला, तरी मुळशीची गावे पाण्याखाली गेलीच. पुढे मोसे नदीवर वरसगावचे धरण झाले. मग त्याच्याच काठी, दासवे-मुगावच्या शिवारांत, लवासा उभे राहू लागले. २०१८ साली त्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. गाव उठते तेव्हा माणसे भांडी नेतात, देव नेतात. शाळेचे रजिस्टर कोण नेणार? ते लोखंडी पेटीत बसून दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत जाते आणि तिथल्या खडूच्या खोक्यांखाली पडून राहते. कोणत्या गावाची पेटी कोणत्या शाळेत आहे, हे सबंध तालुक्यात एकाच माणसाला पाठ होते. एका वृद्ध मास्तरांकडून ते मोडी वाचायलाही शिकले होते, आणि तेही कचेरी सुटल्यावर. (माझ्या कादंबऱ्यांतली निम्मी नावे मी त्या पेट्यांतूनच उचलली आहेत.)

या पाठांतराला काय किंमत असते ते मला २०१८ साली कळले. माझी एक जुनी विद्यार्थिनी, महादेव कोळ्याची पोर, बारावी झाली आणि नर्सिंगला जागा मिळण्याची वेळ आली. जात पडताळणीला १९५० पूर्वीचा पुरावा हवा. आजोबांची १९४८ ची नोंद सापडली, पण तिच्यात नुसते 'हिंदू कोळी'! त्या काळच्या मास्तरांनी एक शब्द वाचवला, आणि सत्तर वर्षांनी तो पोरीच्या गळ्याशी आला. तिच्या नात्यातल्या एका वजनदार गृहस्थांनी भाऊसाहेबांना सुचवले, "शाई जुनी दिसेल अशी करता येते. चार अक्षरं तर घालायची." भाऊसाहेबांनी रजिस्टर मिटले आणि त्यावर हात ठेवून बसले. म्हणाले, "एका पानावर खाडाखोड झाली, की त्या पानावरच्या साऱ्यांचे दाखले खोटे ठरतात. तिच्याबरोबर बाकीच्यांच्या नातवंडांनी काय करायचं?"

गृहस्थ तणतणत गेले. पोरीची आई पायरीवर बसून रडत होती. मलाही क्षणभर वाटले, की हा माणूस फार कोरडा आहे.

त्या रविवारी सकाळी भाऊसाहेब मोटारसायकल घेऊन आमच्या वाडीवर हजर! आजोबांना थोरला भाऊ होता का, तो कुठे वाढला, असे त्यांनी म्हातारीला खोदून खोदून विचारले. थोरला मामाकडे, मुठा खोऱ्यात. आम्ही निघालो. तिथल्या मुख्याध्यापकांना घरून बोलावले, पेटी उघडली, झुरळे बाहेर आली. दुपारी तीनला मोडीतल्या एका ओळीवर भाऊसाहेबांचे बोट थांबले. सन १९४४. 'हिंदू महादेव कोळी'. थोरल्या चुलत आजोबांचे नाव, बापाचे नाव, गाव, सगळे जुळत होते.

ते काहीच बोलले नाहीत. रुमालाने पान पुसले आणि म्हणाले, "मास्तर, कुठे चहा मिळेल का?"

ती मुलगी आज पुण्यात एका इस्पितळात नोकरी करते.

यंदा ३१ मे शनिवारी आली. शनिवारी कचेरी बंद, म्हणून निरोप शुक्रवारीच झाला. शाळांना सुटी असूनही मास्तर एवढे आले, की व्हरांड्यात उभे राहायला जागा उरली नाही. शाल झाली, श्रीफळ झाले, भाषणे नको तेवढी झाली. भाऊसाहेबांनी आभाराची दोन वाक्ये बोलून खुर्ची गाठली.

मंडळी पांगल्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून दोनशे पानी वही काढून नव्या पोराच्या हातात दिली. उठलेले गाव, वस्ती कुठे गेली, पेटी कोणत्या शाळेत, कोणत्या सालापासून मोडी, कोणत्या रजिस्टराला वाळवी. सारे त्यांच्या ठसठशीत अक्षरात. पोरगे हुशार. पाने चाळून म्हणाले, "भाऊसाहेब, हे सगळं मी कॉम्प्युटरवर घेतो."

"घे की," भाऊसाहेब चपला शोधत म्हणाले. "पण पावसाच्या आत सतराव्या पानावरची पेटी उचलून माळ्यावर ठेवायला सांग. ती शाळा गळते."